रेडिओवरचं 'भारतीय सौर' आणि खासदार मेघनाद साहा

वातकुक्कुट:

आकाशवाणीवर सकाळची पहिली सभा सुरू होते तेव्हा निवेदक तारीख सांगतात बघा, इंग्रजी तारीख झाली की 'भारतीय सौर' म्हणून अजून एक. मी ती शाळेत असल्यापासून ऐकतोय आणि खरं सांगतो, परवापर्यंत मला ती पंचांगातली तिथीच वाटायची. नाहीये. तिथीशी तिचा काही संबंध नाही, ती सरकारी दिनदर्शिका आहे, २२ मार्च १९५७ पासून लागू झालेली, आणि ती ज्या समितीने ठरवली तिचे अध्यक्ष होते भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा. तेच ते, ज्यांचं ताऱ्यांवरचं समीकरण पाठ करून बीएस्सीला आपण पाच मार्क काढले. (माझे गेले होते, पण तो वेगळा विषय.)

मग वाचत गेलो तर कळलं की हा माणूस लोकसभेत खासदार होता. राज्यसभेत मानाने नेमलेला वगैरे नाही, चक्क मतं मागून निवडून आलेला. पहिलीच लोकसभा, १९५२, मतदारसंघ कलकत्ता उत्तर पश्चिम, समोर काँग्रेसचे प्रभुदयाल हिम्मतसिंगका. पाठिंबा क्रांतिकारी समाजवादी पक्षाचा, पण साहांनी स्वतःचं स्वातंत्र्य राखलं. आणि पैसे? उष्णतेवरचं त्यांचं पाठ्यपुस्तक कॉलेजांत चालायचं, त्याच्या प्रकाशकाला पत्र लिहून ५००० रुपये अ‍ॅडव्हान्स मागितला. फिजिक्सच्या पुस्तकाच्या मानधनावर लोकसभा लढवलेला दुसरा कोणी असेल तर सांगा.

आता मागे जातो. जन्म ६ ऑक्टोबर १८९३, ढाक्याजवळचं शेओराताली गाव, वडलांचं किराणा दुकान, आठ भावंडांतला पाचवा. त्या दिवशी वादळ होतं म्हणून नाव ठेवलं मेघनाथ, म्हणजे इंद्र. पुढे यानेच ते बदलून मेघनाद केलं. म्हणजे इंद्रजित, इंद्राला हरवणारा. पुढचं सगळं चरित्र त्या एका अक्षरात आलंय असं मला वाटतं, पण असो.

गावात पुढची शाळा नव्हती. काही मैलांवरच्या सिमुलियात अनंतकुमार दास नावाच्या डॉक्टरांनी पोराला घरी ठेवून घेतलं, जेवणखाण फुकट, बदल्यात गाईचं बघायचं आणि स्वतःचं ताट स्वतः घासायचं. ताटाची अट जातीमुळे. डॉक्टर भला माणूस, साहांनी त्यांचे उपकार जन्मभर मानले, पण ताटाचं ताटाच्या जागी. पुढे ढाक्याच्या सरकारी शाळेत शिष्यवृत्ती मिळवून गेला तर तेवढ्यात १९०५ ची वंगभंगाची चळवळ, गव्हर्नर फुलर शाळेत येणार म्हणून पोरांनी निषेध केला, त्यात हा. शाळेतून काढलं, शिष्यवृत्ती गेली. दुसऱ्या शाळेत जाऊन परत वर.

कलकत्त्याला प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवायला जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय, वर्गात सत्येंद्रनाथ बोस, एक वर्ष पुढे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस. एका कॉरिडॉरमध्ये किती माणसं! एमएस्सीला बोस पहिले, साहा दुसरे. पण त्याच वेळी हॉस्टेलमध्ये जेवणाची पंगत वेगळी, सरस्वतीपूजेला बाजूला. सरस्वतीच्या पूजेला, बरं का. शिक्षण झाल्यावर सरकारी वित्तसेवेची परीक्षा द्यायची होती, क्रांतिकारकांत उठबस आहे म्हणून बसू दिलं नाही. तेव्हा आशुतोष मुखर्जींनी नव्या सायन्स कॉलेजात घेतलं आणि तिथे बोस आणि साहा दोघांनी मिळून आईन्स्टाईन, मिंकोव्स्की यांचे जर्मन पेपर इंग्रजीत आणले, १९२० मध्ये कलकत्ता विद्यापीठाने छापले.

आणि त्याच १९२० मध्ये ते समीकरण. वय २६-२७. समीकरणावर इथली जाणकार मंडळी बोलतीलच.

मला खरं कोडं पडलंय ते हे, की १९२७ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झालेला, नोबेलसाठी अनेकदा नाव गेलेला माणूस साठीला टेकताना गल्लीबोळात मतं मागायला का जातो? प्रयोगशाळा कंटाळवाणी झाली? की प्रयोगशाळेतून जे दिसलं ते बाहेर आल्याशिवाय दुरुस्त होणार नव्हतं?

---

सांजवेळ:

मस्त लिहिलंय, वाचनखूण साठवली. मला ते खासदार होते हे अजिबातच माहीत नव्हतं. पण एक प्रश्न, नेहरू तर विज्ञानाच्या बाजूचे, मग साहा विरोधी बाकांवर कसे? दोघांचं जमायला हवं होतं ना?

---

खडूस आजोबा:

धागा चांगला, पण नेहमीप्रमाणे आरती ओवाळणं चालू आहे. १९२० ला जे केलं त्या तोडीचं नंतर काय केलं ते सांगा. नियतकालिकं, समित्या, पूरनिवारण, निवडणूक यांत एक पहिल्या दर्जाचा भौतिकशास्त्रज्ञ खर्ची पडला. सत्येन बोस बघा, कसे शांतपणे आपल्या कामात राहिले. राजकारणाला माणसं मिळतात हो, रांग लागलेली असते. ताऱ्यांचं तापमान सांगणारा परत मिळत नाही.

---

वातकुक्कुट:

@आजोबा, सत्येन बोसही १९५२ पासून राज्यसभेत होते, राष्ट्रपतींनी नेमलेले :) तेव्हा तो दाखला राहू द्या.

@सांजवेळताई, तेच तर गंमतशीर आहे. १९३८ मध्ये सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना साहांनी त्यांना भर सभेत विचारलं होतं की उद्याचा भारत बैलगाडीच्या वाटेने जाणार की कारखान्यांच्या? त्यातूनच त्या वर्षी राष्ट्रीय नियोजन समिती उभी राहिली आणि तिच्या अध्यक्षपदी नेहरू आले, त्या आधी विश्वेश्वरय्यांचं नाव होतं, त्यांनी मोठ्या मनाने जागा सोडली. म्हणजे नेहरूंना नियोजनाच्या खुर्चीत बसवण्यात साहांचा हात होता. ऊर्जा आणि इंधन उपसमितीचे अध्यक्ष स्वतः साहा. चरख्याने देश चालणार नाही हे ते लपवत नसत आणि त्या काळात हे बोलणं म्हणजे देव्हाऱ्यात चप्पल घालून शिरणं. स्वातंत्र्यानंतर मात्र त्यांना वाटायला लागलं की नियोजन कागदावर राहिलंय, मग पंचवार्षिक योजनेवर टीका सुरू. विचार एकच, पण एक सत्तेत आणि एक रांगेबाहेर. भांडणं अशाच दोघांची जास्त होतात.

आणि मला पडलेल्या 'का' चं उत्तर त्यांनी स्वतःच दिलंय. हस्तिदंती मनोऱ्यात राहणारे म्हणून शास्त्रज्ञांवर आरोप होतो, मीही साधारण १९३० पर्यंत तसाच होतो, पण देशाला काही उपयोग व्हावा म्हणून हळूहळू राजकारणात सरकत आलो, अशा अर्थाचं म्हणाले होते. 'हळूहळू सरकत' हे मला फार आवडलं. उडी नव्हतीच ती.

---

रानवारा:

पाटबंधाऱ्यात नोकरी झाली त्यामुळे हा कोपरा माझा.

साहा नद्यांकडे वळले ते पुस्तकं वाचून नाही. १९२२ ला उत्तर बंगालात पूर आला तेव्हा प्रफुल्लचंद्र रायांच्या मदत समितीत त्यांनी काम केलं होतं. ढाक्याकडचा माणूस, पाणी लहानपणापासून पाहिलेला. नंतर ते सारखं लिहीत राहिले की नदी मोजा, तिचा अभ्यास करायला प्रयोगशाळा काढा, नुसते बांध घालून पूर थांबत नाही. १९३५ पासून त्यांचं स्वतःचं 'सायन्स अँड कल्चर' होतं, त्यात हे सगळं यायचं.

मग १९४३. दामोदरचा बांध फुटला आणि कलकत्त्याचा रेल्वेरस्ता तुटला, तोही ऐन युद्धात. इंग्रज सरकार तेव्हा हललं. चौकशी समिती नेमली, अध्यक्ष बर्दवानचे महाराज, सदस्यांत साहा. समितीने अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याचा नमुना पुढे ठेवला, म्हणजे पूर, वीज, सिंचन सगळं एका छत्राखाली, राज्यांच्या हद्दी बाजूला ठेवून. आणि इथे आपल्याकडचा धागा येतो जो फारसा कोणी सांगत नाही: व्हाइसरॉयच्या मंडळात तेव्हा मजूर खातं बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं आणि पाणी, वीज त्याच खात्यात. दामोदरच्या बैठका त्यांनी घेतल्या, जानेवारी १९४५ ची कलकत्त्याची परिषद त्यांच्याच अध्यक्षतेखाली. पंगतीतून उठवलेली दोन पोरं, एक महूला जन्मलेलं, एक ढाक्याकडचं, आणि एकाच नदीवर दोघांचे कागद. पुढे १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ झालं.

आता आरती नको म्हणून दुसरी बाजूही. आराखड्यात आठ धरणं होती, पहिल्या टप्प्यात चारच झाली, तिलैया, कोनार, मैथन, पंचेत. पूर कमी झाले, संपले नाहीत, १९७८ ला बंगाल बुडालाच. आणि जे लोक उठवले गेले त्यांचा हिशेब त्या पिढीतल्या कोणाच्याच वहीत नीट नव्हता, साहांच्याही नाही. धरण म्हणजे प्रगती एवढं सरळ त्यांना दिसायचं. आमच्या नोकरीत पुनर्वसनाच्या फाइली हाताळल्यावर ते इतकं सरळ दिसत नाही.

---

अर्धवट_राव:

सगळे मुद्द्याला वळसा घालताय. खरी मारामारी होमी भाभांबरोबरची!!

कालक्रम लावा. साहांनी १९३८ ला अलाहाबादहून कलकत्त्याला परत आल्यावर सायक्लोट्रॉनचा (अणूतल्या कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र) ध्यास घेतला, टाटांकडून पैसे आले, चुंबकाचे भाग पोचले आणि निर्वात पंप घेऊन येणारं जहाज युद्धात बुडालं. अक्षरशः. तरी रेटलं, न्यूक्लियर फिजिक्सची संस्था उभी केली, जानेवारी १९५० ला तिच्या उद्घाटनाला इरीन जोलिओ-क्युरी आल्या. इकडे १९४५ ला मुंबईत भाभांची टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था. आणि ऑगस्ट १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला तर त्यात कोण? भाभा, भटनागर, कृष्णन. साहा नाहीत.

साहांचं म्हणणं होतं की आधी विद्यापीठांत माणसं तयार करा, उद्योग उभा करा, मग आयोग काढा. आणि मुख्य म्हणजे गुप्तता नको. भाभांना हे सगळं एका जागी, थेट पंतप्रधानांच्या हाताखाली आणि बंद दाराआड हवं होतं. झालं ते भाभांसारखं. मग साहांनी काय केलं, तर १० मे १९५४ ला लोकसभेत अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर चर्चा घडवून आणली आणि सरकारला जाहीर उत्तरं द्यायला लावली. शास्त्रज्ञ म्हणून ज्या खोलीत जाता येत नव्हतं, तिच्या खिडकीवर खासदार म्हणून दगड मारला.

तेव्हा माझा मुद्दा असा की या दोघांत खरा राजकारणी भाभा. एकदाही मत न मागता हवं ते सगळं मिळवलं. साहा निवडून आले आणि हरले.

---

खडूस आजोबा:

राव, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत. पण मग माझंच म्हणणं सिद्ध झालं ना? त्या दगडाने काच फुटली का? नाही.

---

पाटीपेन्सिल:

तीस वर्षं फिजिक्स शिकवलंय, समीकरणावर कोणीच बोलेना म्हणून येते.

सूर्याच्या वर्णपटात काही मूलद्रव्यांच्या रेषा ठळक दिसतात, काहींच्या दिसतच नाहीत. रुबिडियम, सीझियम नाहीतच. लोकांना वाटायचं की नसतील तिकडे. साहांनी म्हटलं, आहेत, पण तापमानाने त्यांचे इलेक्ट्रॉन निसटलेत, आणि निसटल्यावर त्या अणूच्या रेषा बदलतात, त्यामुळे तुम्ही जिथे शोधताय तिथे ते सापडणारच नाहीत. आणि त्यांची युक्ती काय, तर याकडे रसायनातल्या अभिक्रियेसारखं बघितलं. अणू तुटून आयन आणि इलेक्ट्रॉन होतात, ते परत भेटले की अणू होतो, दोन्ही बाजूंचा तोल कुठे बसतो ते गणित मांडा. मी वर्गात सांगायचे की जत्रेत हात सुटलेलं पोर परत सापडायला आजूबाजूला माणसं हवीत, ओसाड माळावर सुटलं तर सुटलंच. सूर्याच्या वरच्या विरळ थरात दाब कमी, म्हणून तिथे सुटलेले इलेक्ट्रॉन लवकर परत सापडत नाहीत. तापमान, दाब आणि इलेक्ट्रॉन ओढून काढायला लागणारी ऊर्जा, एवढ्यावर सगळं.

त्यांनी भाकीत केलं की सूर्यावरचे डाग तुलनेने थंड, तेव्हा तिथे रुबिडियम दिसायला हवं. अमेरिकेत माउंट विल्सन वेधशाळेच्या नोंदींमध्ये खगोलशास्त्रज्ञ रसेलना ते दिसलं. आणि १९२५ ला सेसिलिया पेनने हेच समीकरण वापरून दाखवलं की तारे बहुतांशी हायड्रोजनचे. त्यावर रसेलच आधी विश्वास ठेवेनात, पण ते दुसऱ्या धाग्याचं.

आता आजोबांना. १९१७ च्या सुमारास साहांनी किरणांच्या दाबावरचा एक मोठा लेख अमेरिकेतल्या नामांकित जर्नलला पाठवला. उत्तर आलं की छपाईच्या खर्चाला हातभार लावा. पगार तो काय, पैसे नव्हते, त्यामुळे तिकडे फक्त छोटं टिपण आलं. ज्याला हे झालंय तो पुढे विज्ञानाला पैसा कोण देतं आणि कोणाला देतं यावर बोलणारच. तुम्ही राजकारण म्हणता त्याला, मला तो समीकरणातला चौथा घटक वाटतो.

---

नवखा_पाहुणा:

अँजेला मर्केल पण क्वांटम केमिस्ट्रीत डॉक्टरेट होत्या आणि मार्गारेट थॅचर केमिस्ट, डोरोथी हॉजकिनच्या विद्यार्थिनी!

---

वातकुक्कुट:

@पाहुणा, त्यांच्यावर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन. त्या दोघींनी प्रयोगशाळा मागे सोडली. साहा खासदार असतानाही संस्था चालवत होते, म्हणून माझ्या मते जात वेगळी.

@पाटीपेन्सिल, जत्रेचं उदाहरण तुम्ही आम्हाला शिकवायला असता तर ते पाच मार्क माझे होते.

---

पंचांगवाले_काका:

ज्या गोष्टीवरून धागा सुरू झाला ती बाजूलाच राहिली की राव.

१९५२ ला सीएसआयआरने, म्हणजे सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने, पंचांग सुधारणा समिती नेमली. देशात तेव्हा तीसेक पंचांगं, एकाचा सण दुसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. समितीत आपले दोघे होते, नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी आणि केसरीचे माजी संपादक ज. स. करंदीकर. आता हे करंदीकर आणि दप्तरी आणि अध्यक्षस्थानी साहांसारखा देवधर्म न मानणारा माणूस, त्या बैठकांचा नुसता चहा द्यायला मिळाला असता तरी चाललं असतं मला.

मूळ दुखणं असं. उत्तरायण खरं सुरू होतं २१-२२ डिसेंबरला, आपण मकरसंक्रांत करतो १४-१५ जानेवारीला. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे साधारण ७२ वर्षांत एक दिवस याप्रमाणे हा फरक वाढत गेला आणि पंचांगकर्त्यांनी तो तसाच चालू दिला. असंच चालू राहिलं तर ऋतू आणि सण यांची फारकत होणार. समितीने १९५५ च्या अहवालात सरकारी वर्ष ऋतूंना बांधलं: १ चैत्र म्हणजे २२ मार्च, लीप वर्षी २१. वैशाख ते भाद्रपद ३१ दिवसांचे, पुढचे ३० चे. साल मात्र आपलं शकाचं. शुद्ध, सुटसुटीत, लहान पोराला पाठ होईल असं.

पण धार्मिक पंचांगाला एकदम हात लावणं जमण्यासारखं नव्हतं, तेव्हा तिथे अयनांश (वसंतसंपात आणि पंचांगातल्या राशीचक्राचा आरंभ यांतलं अंतर) २३ अंश १५ कला धरून तडजोड केली. आणि आता विनोद ऐका. समितीचे सचिव होते निर्मलचंद्र लाहिरी. आज कुंडलीचं कुठलंही सॉफ्टवेअर उघडा, आत 'लाहिरी अयनांश' आधीच निवडलेला असतो. म्हणजे फलज्योतिषाला भाकड समजणाऱ्या साहांच्या समितीच्या आकड्यावर आज देशभर पत्रिका जुळतात. मीही जुळवतो, लपवत नाही. महाराष्ट्रात टिळक पंचांगवाल्यांचा आकडा साधारण चार अंशांनी वेगळा, त्यावरून आमच्यात अजून जुंपते.

---

सांजवेळ:

काका, साहा असते तर तुमच्याशी कडाक्याचं भांडले असते हां. त्यांचा तो वकिलाचा किस्सा वाचला आत्ता. ढाक्याच्या एका वकिलाने विचारलं, काय शोध लावलास बाबा? यांनी हौसेने ताऱ्यांचं सगळं समजावून सांगितलं. दर दोन वाक्यांनी वकीलसाहेब म्हणणार, यात नवीन काय, हे सगळं वेदांत आहे. शेवटी साहांनी विचारलं, वेदांत नक्की कुठे ते सांगता का. तर म्हणे मी काही वेद वाचलेले नाहीत, पण आहे हे नक्की. तेव्हा फॅमिली ग्रुप नव्हते तरी हा प्राणी होता.

---

खडूस आजोबा:

वकिलाच्या किश्श्यावर हसलो. बाकी मत कायम. काका, ती दिनदर्शिका 'सुटसुटीत' आहे म्हणता, मग सरकारी राजपत्र आणि रेडिओ सोडून वापरतो कोण?

---

पंचांगवाले_काका:

कोणी नाही, मान्य. पण चेकवर सौर तारीख घातली तर बँकेला तो घ्यावा लागतो, रिझर्व्ह बँकेचंच तसं सांगणं आहे. आमच्या ओळखीतल्या एकांनी घातली होती. काउंटरवरच्या पोराने मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरने कॅलेंडर मागवलं, कॅलेंडर सापडलं नाही. शेवटी त्यांनीच नवा चेक लिहून दिला.

---

वातकुक्कुट:

काकांच्या प्रतिसादावरून काल रात्री हिशेब घालत बसलो. साहांचा जन्म सौर तारखेने १४ आश्विन १८१५. गेले १६ फेब्रुवारी १९५६ ला, दिल्लीत, नियोजन आयोगाच्या कचेरीकडे चालत जाताना रस्त्यातच हृदयविकाराचा झटका आला, वय ६२, खासदारकी चालू. ती तारीख येते २७ माघ १८७७. आणि दिनदर्शिका लागू झाली १ चैत्र १८७९ ला, म्हणजे तेरा महिन्यांनी.

तारखा कोणीतरी तपासा, माझं गणित तुम्हाला माहीतच आहे.

---

पाटीपेन्सिल:

तपासल्या. दोन्ही बरोबर. घ्या तुमचे पाच मार्क.